पाटी मिळाली, रंगपेटीचं काय?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी ते त्यांनी स्वतः लिहून दिले आहे. – संपादक मंडळ)



मी वक्ता नाही. साचेखात्यात बत्तीस वर्षे काढलेला माणूस आहे. साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे माझा आवाज जरा मोठा लागतो, तेवढं सांभाळून घ्या. शाळा माझी दहावीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण झालं ते आपल्या विहारातल्या पुस्तकांच्या कपाटावर आणि गिरणीच्या गेटवर वाचलेल्या पेपरांवर. २०२० सालच्या टाळेबंदीत आमची गिरणी थांबली ती थांबलीच. तेव्हापासून वेळ भरपूर आहे. म्हणून समितीने मला विषय दिला, 'शासनाच्या शैक्षणिक संस्था आणि आपली मुले'.

आता नुसती योजनांची यादी वाचून दाखवली तर अर्धी मंडळी पेंगतील आणि अर्धी भोजनदानाची वाट बघत बसतील. म्हणून मी आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आजच्या कार्यक्रमासाठी आपण विहाराला नवा रंग दिला. दारोदार फिरून वर्गणी केली, कुणी शंभर दिले, कुणी पन्नास दिले. रंग वाळतो न वाळतो तोच मागच्या भिंतीवर एका पोराने कोळशाने चित्र काढलं. आगगाडी. सात-आठ डबे, खिडक्यांत माणसं आणि प्रत्येक माणसाचं तोंड वेगळं. मी पोराला पकडलं, कान धरला, म्हणालो, "पुन्हा भिंतीला हात लावलास तर याद राख." पोरगं रडलं नाही. माझ्याकडे बघून म्हणालं, "मग कुठं काढू, काका?"

मला उत्तर देता आलं नाही. आज मी जे बोलणार आहे ते त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

बांधवांनो, हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला असं नाही. माझी मुलगी पालिकेच्या शाळेत पाचवीत होती, २००० सालची गोष्ट. तिचा हात चित्रात चांगला. वहीच्या मागच्या पानांवर सगळी चित्रंच. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "चर्नी रोडला जवाहर बालभवन आहे, सरकारी आहे, फार पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी मुलीला तिकडे घेऊन जात जा." मी काय म्हणालो असेन? तुमच्यापैकी निम्मे जण जे म्हणतील तेच म्हणालो. "बाई, चित्रं काढून पोट भरतं का? गणितात दोन मार्क जास्त पाडायला सांगा." घरी आलो आणि रंगपेटी कपाटावर ठेवून दिली.

मुलगी शिकली, नोकरीला लागली, संसार चांगला आहे. माझ्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नात चित्र काढत बसली होती, तेव्हा मुलगी सहज म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला शाळेत कधी कमी पडू दिलं नाही. पण ती रंगपेटी मात्र तुम्ही परत खाली काढलीच नाही." हसतच म्हणाली. माझ्या घशात घास अडकला.

हे मी घरचं गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. आपल्या समाजात हे घराघरात झालं आहे. आपण लेकरांना शाळेत घालायला शिकलो, ही बाबासाहेबांची पुण्याई. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं. ज्या माणसाला साताऱ्याच्या शाळेत वर्गात वेगळं गोणपाटावर बसावं लागलं, त्याने आपल्यासाठी कॉलेजचे दरवाजे उघडले. आपण आत गेलो. पण आत गेल्यावर शिक्षण म्हणजे पाठांतर, मार्क, नोकरी एवढंच धरून बसलो. आणि तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे मात्र विसरलो. एवढा कामाचा डोंगर डोक्यावर असलेल्या माणसाला त्यासाठी वेळ काढावासा वाटला, तर आपल्या पोराने ढोलकीवर थाप मारली की आपण "अभ्यास कर" म्हणून का ओरडतो?

आता दिल्लीची हकीकत. २००३ साली गिरण्यांच्या प्रश्नावर आम्ही काही कामगार मोर्चाला दिल्लीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गाडी रात्रीची, हातात वेळ. आयटीओच्या बाजूने पायी चाललो असताना कोटला रोडवर एक मोठं आवार दिसलं. आत मुलांसाठी छोटी रेल्वे चालली होती. विचारत विचारत आत गेलो. ते राष्ट्रीय बालभवन. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९५६ साली सुरू झालेली ही केंद्र शासनाची संस्था, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी. शाळेबाहेरच्या वेळात मुलांनी यायचं. चित्रकला, मातीकाम, सुतारकाम, गाणं, नाच, नाटक, फोटो काढणं, विज्ञानाचे प्रयोग, वाचनालय, आपल्याला आवडेल त्या दालनात जाऊन बसायचं. परीक्षा नाही, नंबर नाही, नापास नाही. वर्गणी अगदी किरकोळ. श्रीमंताच्या पोरांना छंदवर्ग विकत मिळतात, पण हे सरकारने सगळ्यांच्या पोरांसाठी उघडलेलं होतं.

तिथल्या एका दालनात मी थबकलो. लहान हातमाग होते आणि दहा-बारा वर्षांची पोरं विणत होती. एक मुलगी धोटा टाकत होती, चुकला की हसत होती, उसवून पुन्हा टाकत होती. मी विणकर माणूस. त्याच धोट्याने, त्याच ताण्या-बाण्याने माझे कान अर्धे बहिरे केले. आणि इथे तेच काम पोरं खुशीत करत होती. कारण त्यांच्या डोक्यावर जॉबर उभा नव्हता, आणि आवडलं नाही तर उठून शेजारच्या दालनात जायची त्यांना मोकळीक होती.

माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. माझे आजोबा याच मुंबईत गिरणीत होते, रिंग खात्यात. साचेखात्यात त्यांना घेत नसत. का? तर कांडी संपली की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त, म्हणून विटाळाचा फायदा कुणाला झाला ते तुम्हीच ओळखा. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हणजे ज्या धोट्याला हात लावायला माझ्या आजोबाला बंदी होती, तो धोटा माझ्या हाताला पोटासाठी लागला, आणि दिल्लीतल्या त्या मुलीच्या हातात तो खेळणं होऊन आला होता. तिची जात कुठली, ते तिथं कुणी विचारत नव्हतं. मी पंधरा-वीस मिनिटं नुसता उभा होतो. मुंबईला परत आल्यावर मुलीला म्हणालो, "आता जा बालभवनला." ती तेव्हा आठवीत. म्हणाली, "आता क्लास असतो, पप्पा." वेळ निघून गेली होती.

इथे काही जाणकार मंडळी म्हणतील, "अहो, आपल्या पोरांना पुन्हा हातकामात कशाला घालता? पिढ्यान् पिढ्या तेच केलं." प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात अशी योजना आली होती की मुलांनी निम्मा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात आपल्या घरचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोराने चामडं आणि धोब्याच्या पोराने कपडे. लोकांनी कडाडून विरोध केला आणि १९५४ साली ती योजना मागे घ्यावी लागली. विरोध झाला ते योग्यच झालं. धंदा जातीने ठरवून दिला तर ती बेडी होते. पण मुलाने स्वतःच्या आवडीने माती घेतली, रंग घेतला, धोटा घेतला, तर त्याचं डोकं चालतं, हात धीट होतात, चार लोकांत उभं राहायची भीती जाते. निवड कुणाची, हे बघायचं. बालभवनात निवड मुलाची असते.

आणि ही चैन नाही, हा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला-संस्कृतीत भाग घेणं हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. भारताने १९९२ साली तो करार स्वीकारला. म्हणजे आपलं पोर गाणं म्हणतं तेव्हा ते वेळ वाया घालवत नाही, आपला हक्क बजावत असतं.

आपल्या धम्मातही हे नवीन नाही. भगवान बुद्धांनी लहानग्या राहुलला खोटं बोलू नये हे शिकवलं, ते कसं? मज्झिम निकायात आहे. त्यांनी पाण्याचं भांडं घेतलं. थोडं पाणी उरलेलं दाखवलं, ते ओतून दिलं, मग भांडं पालथं केलं, आणि प्रत्येक वेळी विचारलं, "राहुल, हे दिसतं का?" पुढे आरशाचा दाखला दिला. छडी नाही, घोकंपट्टी नाही. डोळ्यासमोर वस्तू ठेवून मुलाला विचार करायला लावलं. आणि अजिंठ्याला तुम्ही सगळे जाऊन आलात. ज्या लेण्यांतली चित्रं बघायला जग येतं, त्यातली बहुतेक लेणी विहारच आहेत. भिक्खूंच्या राहण्याच्या जागेत भिंती रंगवलेल्या आहेत. आणि मी एका पोराचा कान धरला, तो विहाराची भिंत रंगवली म्हणून! असो.

आता कामाचं बोलतो. पेन असेल त्यांनी लिहून घ्या.

पहिलं, जवाहर नवोदय विद्यालय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे आलं. सुरुवातीच्या दोन शाळांपैकी एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला निघाली. आज देशात साडेसहाशेच्या आसपास आहेत, साधारण जिल्ह्याला एक. सहावी ते बारावी, निवासी. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं शासनाचं. नववीपासून विकास निधी म्हणून दरमहा फी असते, पण अनुसूचित जाती-जमातींची मुलं, सगळ्या मुली आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांना ती माफ आहे. पाऊणशे टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येप्रमाणे राखीव जागा. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे चित्रकलेचे शिक्षक असतात, संगीताचे असतात, खेळाचे असतात. नववीला काही मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात शिकायला जातात. म्हणजे पाटीही आहे आणि रंगपेटीही आहे.

मुंबई शहरात नवोदय नाही, मग आम्हाला काय उपयोग, असं म्हणू नका. आपल्यातल्या प्रत्येकाचं गावी कुणी ना कुणी आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. हुशार पोरगा. २००८ साली मी गावी गेलो तेव्हा तो सहावीत जाऊन बसला होता. नवोदयची परीक्षा पाचवीत असताना द्यायची आणि एकदाच देता येते. भावाला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असून मी कळवलं नाही. भावजयीने मला चहा दिला आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मुंबईत भाषणं देता, आमाला एक फोन करायचा नाय का?" तिचं काय चुकलं? तो पोरगा आज कष्ट करून खातो, प्रामाणिक आहे. पण त्याचं एक दार माझ्या एका फोनपायी बंद राहिलं.

परीक्षा मराठीतून देता येते. दोन तासांचा पेपर, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात निम्मे गुण बुद्धिमत्तेला, पाव गणिताला, पाव भाषेला. अर्ज आता ऑनलाइन आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. खेड्यातल्या राखीव जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं गावच्या शाळेत झालेली असावी लागतात. आणि एक महत्त्वाचं. ही केंद्राची शाळा आहे. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० साली दिला. तेव्हा जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा. निवड झाल्यावर तहसीलच्या चकरा सुरू करू नका.

दुसरं, आपल्या हाकेवरचं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. हीसुद्धा केंद्र शासनाची संस्था. १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, तिथे विज्ञान उद्यान झालं आणि १९८५ साली केंद्र पूर्णपणे खुलं झालं. गिरणगावाच्या कुशीत आहे. आपण त्याच्या भिंतीवरून कामाला जायचो, पण पोराचा हात धरून आत किती जण गेलो? तिथे वस्तूला हात लावू नका अशी पाटी नसते. हात लावून, फिरवून, ओढून बघायचं असतं. सुट्टीत मुलांसाठी छंदवर्ग होतात.

तिसरं, चर्नी रोडचं जवाहर बालभवन, राज्य शासनाचं. सध्या कुठले वर्ग चालू आहेत, वेळ काय, फी काय, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून यायची जबाबदारी मी घेतो. पंचवीस वर्षांपूर्वी जायला हवं होतं.

चौथं, ज्यांच्या घरात गाणं-वाजवणं आहे त्यांनी कान देऊन ऐका. दिल्लीला केंद्राची सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र नावाची संस्था आहे, १९७९ ची. ती १९८२ पासून १० ते १४ वर्षांच्या मुलांना गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देते. आणि ज्या घरांत पिढीजात कला आहे, त्या घरांतल्या मुलांसाठी त्यात काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. आपल्या वस्तीत जलसेवाल्यांची घरं आहेत, बँडवाले आहेत, ढोलकीपटू आहेत. आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावकुसापर्यंत नेला. दीड दिवसाची शाळा शिकलेले अण्णाभाऊ साठे मुंबईच्या गिरणीत राबले आणि केवढे साहित्यिक झाले. त्यांना कुणी शिष्यवृत्ती दिली नव्हती. मग आपल्या लेकरांसाठी ठेवलेली आपण का सोडायची?

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, नाहीतर मी सरकारची जाहिरात करतोय असं वाटेल. नवोदयमध्ये एका जिल्ह्यात ८० मुलं जातात. बाकीच्या हजारोंचं काय? ती पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात. शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला. त्या कायद्यातच वरच्या प्राथमिक शाळेत शंभरावर मुलं असतील तर कलेचा, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, अर्धवेळ का होईना, असावा असं म्हटलं आहे. आपल्या पोराच्या शाळेत तो आहे का, हे पालकसभेत उभं राहून कधी विचारलंय? वर्गणीसाठी आपण चार मजले चढतो, पण पालकसभेला आईला एकटीला पाठवतो. उत्तम संस्था चार ठिकाणी असाव्यात आणि बाकी शाळांत खडूही नसावा, हे बाबासाहेबांच्या लेकरांनी मान्य करायचं नाही. आहे ते घ्यायचं आणि नाही ते मागायचं, दोन्ही.

आता समितीपुढे माझी मागणी. विहाराचा वरचा हॉल आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतो. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास तो मुलांना द्या. पहिला तास अर्जांचा. एक वही ठेवू. वस्तीतल्या आणि आपापल्या गावच्या चौथी-पाचवीतल्या मुलांची नावं तीत लिहू. कुणाचा दाखला राहिलाय, कुणाचा अर्ज भरायचाय ते बघू. कॉलेजातल्या मुला-मुलींनी मोबाईलवरून अर्ज भरून द्यावेत, नाहीतरी मोबाईल हातातच असतो. दुसरा तास हातांचा. कुणी चित्र काढील, कुणी ढोलकी शिकवील, महिला मंडळातल्या ताई गोधडीचे टाके शिकवतील. मी फळीला खिळे ठोकून छोटा माग करून देतो आणि ताणा-बाणा शिकवतो. फी काही नाही, नंबर काही नाही.

काल समितीच्या बैठकीत हे बोललो तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "हॉल खराब होईल, रंग नवा आहे." त्यांचं म्हणणं मी समजू शकतो, वर्गणीत त्यांचे पैसे माझ्यापेक्षा जास्त आहेत. म्हणून मी सुचवलं की मागची भिंत खालून चार फूट काळ्या रंगाने रंगवू आणि खडूचा खोका ठेवू. पोरांनी काढावं, पुसावं, पुन्हा काढावं. रंगाचा खर्च माझा. निर्णय अजून व्हायचा आहे. आपण सगळे इथे आहात, भन्तेजी आहेत, आपण ठरवा.

ते आगगाडीवालं पोरगं समोरच बसलंय, मान खाली घालून. बाळा, मान वर कर. तुझा कान मी धरला, त्याबद्दल सगळ्यांसमोर मी चुकलो म्हणतो. तुझी आगगाडी मी अजून पुसू दिलेली नाही. रविवारी ये, येताना दोस्तांना घेऊन ये.

 

भवतु सब्ब मंगलं.

जयभीम! नमो बुद्धाय!